सिनेमा, मालिका, अ‍ॅनिमे पाहताना रडू, भीती, चक्कर: काय स्वाभाविक आणि डॉक्टरांना कधी दाखवावे?

पडद्यावर चाललेले सगळे खोटे आहे, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. तरीही नायकाची आई गेली की घशात आवंढा येतो, अंधाऱ्या खोलीचे दार करकरले की हात घामाने ओले होतात आणि शस्त्रक्रियेचे दृश्य आले की कुणाला तरी भोवळ येते. घरात अशा माणसाची थट्टा होते: "एवढा मोठा घोडा झालास आणि कार्टून बघून रडतोस?" काही जण मग मनातल्या मनात विचारतात, आपण फारच हळवे आहोत का? हा काही आजार तर नाही?

बहुतेक वेळा उत्तर असते, नाही. काही प्रतिक्रिया मात्र खरोखरच वैद्यकीय असतात आणि त्या ओळखता यायला हव्यात.

खोटे आहे हे माहीत असूनही शरीर का ऐकत नाही?

मेंदूत धोका ओळखणारी यंत्रणा आणि विचार करणारी यंत्रणा वेगवेगळ्या गतीने काम करतात. अचानक मोठा आवाज झाला किंवा घाबरलेला चेहरा दिसला की मेंदूच्या आत खोलवर असलेला अमिग्डला हा बदामाएवढा भाग क्षणार्धात इशारा देतो. अ‍ॅड्रेनालिन वाढते, छाती धडधडते, बाहुल्या मोठ्या होतात. "अरे, हा तर सिनेमा आहे" हा विचार त्यानंतर येतो. म्हणून आपण आधी दचकतो आणि मग हसतो.

दुसरे कारण म्हणजे समोरच्याचे सुखदुःख आपलेसे करण्याची माणसाची क्षमता. ती चेहरा आणि आवाज पाहून जागी होते. तो चेहरा खऱ्या माणसाचा आहे की चित्रातला, याने फारसा फरक पडत नाही. म्हणूनच १९८८ सालचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा जपानी अ‍ॅनिमे चित्रपट, युद्धात अनाथ झालेल्या भावाबहिणीची गोष्ट, हाताने काढलेली चित्रे असूनही मोठ्या माणसांना रडवतो.

रडू येणे

डोळ्यांत कांद्याने येणारे पाणी आणि भावनेने येणारे अश्रू एकाच ग्रंथीतून येतात, पण त्यांना सोडणारी चावी वेगळी असते. भावनेच्या अश्रूंचा आदेश मेंदूच्या भावना सांभाळणाऱ्या भागांकडून येतो. रडण्याआधी शरीर ताणलेले असते. रडून झाल्यावर श्वास आणि हृदयाची गती हळूहळू खाली येते. मोकळे वाटते ते त्यामुळे.

'माहेरची साडी' १९९१ साली आला, तेव्हा प्रेक्षक, विशेषतः बायका, चित्रपटगृहात हमसून रडत होत्या. २००४ सालच्या 'श्वास'मध्ये डोळ्याच्या कर्करोगामुळे दृष्टी जाणार असलेल्या नातवाला आजोबा शस्त्रक्रियेआधी जग दाखवतात; तिथे पुरुषांनीही रुमाल काढले. यात दुबळेपणा काही नाही. "पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस" असे म्हणून मुलाचे रडू दाबू नका.

मात्र पूर्वी रडू न येणाऱ्या माणसाला जाहिरात पाहूनही आवरता न येणारे रडू येऊ लागले, दिवसभर उदास वाटू लागले, झोप आणि भूक बिघडली आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर त्याचे कारण सिनेमा नसते. ते नैराश्य असू शकते. पक्षाघातानंतरही काही रुग्णांना मनात दुःख नसताना अचानक रडू किंवा हसू येते. त्यावर औषधे आहेत. डॉक्टरांना जरूर सांगा.

भीतीने खरेच रक्त गोठते का?

"अंगातले रक्त गोठले" असे आपण सहज म्हणतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हेच तपासायचे ठरवले. २४ निरोगी तरुण स्वयंसेवकांना त्यांनी एक भयपट आणि एक शॅम्पेनवरचा माहितीपट दाखवला आणि आधी व नंतर रक्त तपासले. भयपटाच्या वेळी अर्ध्याहून अधिक जणांच्या रक्तात गुठळी होण्यास मदत करणारा 'फॅक्टर ८' हा घटक वाढलेला होता. प्रत्यक्ष गुठळी होण्याची खूण मात्र कुणातही दिसली नाही. हा अभ्यास २०१५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. जखम होण्याची शक्यता दिसली की रक्तस्राव थांबवण्याची तयारी शरीर आधीच करते, असा याचा एक अर्थ लावता येतो.

निरोगी माणसाला भयपटाने हृदयविकार होत नाही. ज्यांना हृदयाचा आजार आधीपासून आहे, त्यांनी मात्र तीव्र उत्तेजना गांभीर्याने घ्यावी. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या तक्रारी एरवीच्या अडीच पटींहून जास्त नोंदल्या गेल्या. अटीतटीचा सामना पाहताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम असे काही झाले तर "सामना संपू दे, मग बघू" म्हणू नका.

रक्त पाहून चक्कर का येते?

२०१० साली '१२७ अवर्स' हा चित्रपट आला. दरीत अडकलेला गिर्यारोहक स्वतःचा हात कापून सुटका करून घेतो, अशी ती सत्यकथा. काही खेळांच्या वेळी प्रेक्षक बेशुद्ध पडल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.

इतर भीतीमध्ये रक्तदाब वाढतो. रक्त आणि जखमेच्या भीतीत मात्र तो आधी थोडा वाढून मग झपकन खाली येतो. व्हेगस नस हृदयाची गती मंदावते, पायांतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, मेंदूला रक्त कमी पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ही प्रवृत्ती अनेकदा घराण्यात असते. इंजेक्शन घेताना चक्कर येणाऱ्यांना पडद्यावरचे रक्तही चालत नाही, ते यामुळेच.

असे होऊ लागले तर:

- नजर पडद्यावरून काढा. डोके गुडघ्यांकडे झुकवा, किंवा आडवे होऊन पाय उंच ठेवा.
- दंड, पोट आणि मांड्यांचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळा, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग २०–३० सेकंद सैल सोडा. असे पाच वेळा करा. याने रक्तदाब वर येतो.
- लगेच ताडकन उभे राहू नका.

झगमगाट आणि फिट: १६ डिसेंबर १९९७ ची संध्याकाळ

त्या दिवशी जपानमध्ये 'पोकेमॉन'चा ३८ वा भाग लागला होता. एका दृश्यात लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला साधारण १२ वेळा आलटून पालटून काही सेकंद पडदाभर चमकला. त्यानंतर ६८५ मुलांना रुग्णवाहिकेने रुग्णालयात नेण्यात आले. काहींना फिट आली, काहींना मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास झाला. रात्रीच्या बातम्यांत तेच दृश्य पुन्हा दाखवले गेले आणि आणखी काही मुलांना त्रास झाला. मालिका चार महिने बंद राहिली आणि तो भाग पुन्हा कधीही प्रसारित झाला नाही. फिट आलेल्या बहुतेक मुलांना आधी कधीच फिट आली नव्हती, ही यातली महत्त्वाची गोष्ट.

याला प्रकाशसंवेदी अपस्मार म्हणतात. अपस्माराच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे तिघांना तो असतो. साधारण ७ ते १९ या वयात तो बहुधा प्रथम दिसतो. ठरावीक वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे मेंदूच्या दृष्टीच्या भागातल्या पेशी एकाच तालात विद्युतसंदेश सोडू लागतात आणि ती लाट पसरली की फिट येते. गडद लाल रंग, लाल-निळ्याची अदलाबदल, अंधारी खोली, पडद्याच्या अगदी जवळ बसणे आणि जागरण यांनी धोका वाढतो.

या घटनेनंतर जपानमध्ये लुकलुकीच्या वेगावर आणि लाल रंगाच्या वापरावर नियम आले. "खोलीत उजेड ठेवा, टीव्हीपासून लांब बसा" ही सूचना तिथल्या अनेक अ‍ॅनिमेंच्या सुरुवातीला आजही दिसते. २०१८ साली 'इन्क्रेडिबल्स २' प्रदर्शित झाला, तेव्हाही झगमगत्या दृश्यांबद्दल चित्रपटगृहांत इशारे लावावे लागले.

घरी काय काळजी घ्यावी?

- मुले अ‍ॅनिमे किंवा व्हिडिओ गेम पाहत-खेळत असताना खोलीत दिवा चालू ठेवा. अंथरुणात अंधारात मोबाइल नाकाशी धरून पाहू देऊ नका.
- पडद्यावर झगमगाट सुरू झाला आणि विचित्र वाटू लागले तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड फिरवा. नुसते डोळे मिटणे पुरत नाही, कारण पापणीतून लाल प्रकाश आत जातोच.
- अपस्माराचे निदान झालेले असेल तर गोळ्या आणि झोप चुकवू नका.

फिट आली तर

- आसपासच्या टणक, टोकदार वस्तू बाजूला करा. डोक्याखाली मऊ काही ठेवा आणि घड्याळ बघा.
- हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा काही उपयोग नाही.
- झटके थांबले की कुशीवर वळवा.
- फिट पाच मिनिटांहून जास्त चालली, लागोपाठ दुसरी आली किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली, तर १०८ ला फोन करा.

नंतर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. ईईजी तपासणीत डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवून ही संवेदनशीलता शोधता येते. काय पाहत असताना फिट आली, हे त्यांना आवर्जून सांगा; निदानाला त्याची मोठी मदत होते.

एकाला झाले की सगळ्यांना का होते?

२००६ च्या मे महिन्यात पोर्तुगालमध्ये अनेक शाळांतल्या ३०० हून अधिक विद्यार्थ्यांना पुरळ, श्वास लागणे, चक्कर असा त्रास झाला. विषाणू काही सापडेना. मग लक्षात आले, की किशोरांच्या आवडत्या मालिकेत नुकतीच अशाच लक्षणांची साथ दाखवली होती. याला सामूहिक मनोजन्य त्रास म्हणतात. ही मुले नाटक करत नसतात. भीतीमुळे शरीरात लक्षणे खरोखर उमटतात. अशा वेळी गर्दी आणि गोंधळ कमी करणे, मुलांना वेगवेगळे शांत बसवणे आणि गंभीर आजार नसल्याची तपासणीने खात्री करणे, एवढ्याने बहुतेक मुले सावरतात.

लहान मुलांची भीती

साधारण सात वर्षांपर्यंतचे मूल दिसण्याला घाबरते: राक्षस, रंगवलेला चेहरा, मोठे दात. त्याला "ते खरे नसते" असे सांगून फारसा फरक पडत नाही. जवळ घ्या, दिवा लावा, पाणी द्या. त्याहून मोठे मूल घडू शकणाऱ्या गोष्टींना घाबरते: चोर, अपहरण, आईबाबांचा मृत्यू. त्याच्याशी बोलावे लागते. दोघांनाही "भित्रा" म्हणू नका आणि भीती घालवायला तेच दृश्य पुन्हा दाखवू नका. काही रात्री दचकून उठणे स्वाभाविक आहे. एक महिन्यानंतरही मूल एकटे झोपत नसेल, शाळेत जायला नको म्हणत असेल किंवा पुन्हा अंथरूण ओले करू लागले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा.

एखादे दृश्य जुनी जखम उघडते तेव्हा

अपघात, अत्याचार किंवा जवळच्या माणसाची आत्महत्या अनुभवलेल्या व्यक्तीला तसेच दृश्य पाहून ती घटना पुन्हा घडते आहे असे वाटू शकते. छाती धडधडते, घाम फुटतो, नंतर अनेक दिवस झोप लागत नाही. यावर परिणामकारक मानसोपचार आहेत.

आत्महत्येच्या चित्रणाबाबत जास्त जपायला हवे. '१३ रीझन्स व्हाय' या २०१७ च्या मालिकेतले आत्महत्येचे सविस्तर दृश्य तज्ज्ञांच्या सल्ल्यानंतर २०१९ साली काढून टाकण्यात आले. त्या मालिकेचा नेमका किती परिणाम झाला यावर संशोधकांत मतभेद आहेत. पण आधीच खचलेल्या किशोरवयीन मुलाने असे काही एकट्याने पाहू नये, हे नक्की. मूल तसे काही पाहत असेल तर शेजारी बसा आणि थेट विचारा, "तुझ्या मनात कधी असे विचार येतात का?" विचारल्याने असे विचार मनात घुसत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- पडदा पाहताना फिट आली, हातपाय झटकले गेले, किंवा काही क्षण भान हरपून टक लागली
- बेशुद्ध पडताना मार लागला, शुद्ध यायला वेळ लागला, किंवा हृदयविकार असताना चक्कर आली
- छातीत दुखले, दम लागला
- उदासी किंवा रडू दोन आठवड्यांहून जास्त टिकले
- भीती, दुःस्वप्ने एक महिन्याहून जास्त राहिली
- स्वतःला इजा करण्याचे विचार आले. यात एक दिवसही थांबू नका

यांपैकी काही नसेल आणि शेवटचा भाग पाहून फक्त डोळे भरून येत असतील, तर औषधाची गरज नाही. रुमाल जवळ ठेवा आणि शेजारी कुणी रडत असेल तर त्याची थट्टा करू नका.