वेड खरे की पेडगावचे?

समजा, चिखली तालुक्यातील एखाद्या गावात एक तरुण रात्री आपल्याच चुलत्यावर कुऱ्हाडीने वार करतो. तो पळून जात नाही, ओट्यावर बसून राहतो. पोलीस त्याला ताब्यात घेऊन वैद्यकीय तपासणीसाठी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आणतात. मध्यरात्र उलटलेली असते आणि आणखी दोन-चार रुग्ण खोळंबलेले असतात. ड्युटीवरचे डॉक्टर अंगावरच्या जखमा पाहतात, दारूचा वास येतो का ते पाहतात आणि मानसिक स्थितीबद्दल एक ओळ लिहितात : ‘शुद्धीवर आहे, स्थळकाळाचे भान आहे.’ बाहेर व्हरांड्यात त्याची आई शिपायाला सांगत असते, ‘साहेब, दोन वर्सापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाही. बाहेरचं हाये म्हणून सैलानीलेही नेऊन आणलं.’ तिचे म्हणणे कोणी लिहून घेत नाही.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण राज्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी तो असाच घडू शकतो. खटला सत्र न्यायालयात उभा राहतो तेव्हा बचावाचे वकील सांगतात की, आरोपी त्या वेळी मनोरुग्ण होता. सरकारी वकील विचारतात, पुरावा काय? त्या रात्रीचा वैद्यकीय पुरावा म्हणून न्यायालयासमोर ती एकच ओळ असते.

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असतो. त्यामुळे आरोपीने वेडाचे नाव काढले की, हे सोंगच असणार, असे बहुतेकांना वाटते. काही वेळा ते सोंग असतेही. काही वेळा आजार खरा असतो. या दोहोंतला फरक शास्त्रीय पद्धतीने ओळखणे आणि न्यायालयाला समजेल अशा भाषेत मांडणे हे ज्या शाखेचे काम, तिला न्यायवैद्यक मानसिक आरोग्य किंवा फॉरेन्सिक मेंटल हेल्थ म्हणतात. या विषयाच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या जाहिराती आता चिखलीतल्या मोबाइलवरही दिसू लागल्या आहेत. त्या अभ्यासक्रमातून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे फी भरण्याआधी समजून घेतलेले बरे.

कायद्याचे दोन प्रश्न

मनोविकाराबाबत न्यायालयापुढे दोन वेगळे प्रश्न येतात. पहिला प्रश्न : गुन्हा घडला त्या क्षणी आरोपीला आपण काय करतो आहोत, ते चूक किंवा बेकायदा आहे, हे कळत होते का? मनोविकलतेमुळे कळत नसेल, तर ती कृती गुन्हा ठरत नाही. पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम ८४ मध्ये असलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. तिचे मूळ लंडनमधील १८४३ च्या एका खटल्यात सापडते. डॅनियल मॅक्नॉटन याने ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. आपला छळ चालला आहे, या भ्रमाने तो पछाडलेला होता. त्या खटल्यानंतर तयार झालेले नियम भारतासह अनेक देशांच्या कायद्यांत उतरले.

दुसरा प्रश्न आजचा असतो : खटला समजून घेण्याच्या आणि वकिलाला आपली बाजू सांगण्याच्या स्थितीत आरोपी आता आहे का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ नुसार, न्यायदंडाधिकाऱ्यांना शंका आली तर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा दुसऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी करवून घ्यावी लागते. शल्यचिकित्सकांना मनोविकलता आढळली, तर आरोपीला सरकारी रुग्णालयातील किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारतज्ज्ञाकडे अथवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवले जाते.

या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याचे उदाहरण आसामात घडले. १९५१ मध्ये अटक झालेल्या एका माणसाला मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. १९६७ मध्ये डॉक्टरांनी त्याला बरा ठरवले. तरीही खटला चालला नाही आणि सुटकाही झाली नाही. तो बाहेर आला २००५ मध्ये, ५४ वर्षांनी.

कागदाने तारलेला माणूस

आरोपी शुद्धीत होता असे कायदा आधी गृहीत धरतो. तसे नव्हते हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. मात्र तो भार दिवाणी दाव्याइतकाच, म्हणजे शक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकवण्याइतका असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये स्पष्ट केले.

महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाचा खटला इथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९९४ मध्ये पत्नीच्या खुनाबद्दल त्याला अटक झाली. सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. त्याला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया होता. घटनेपूर्वी उपचार झाले होते, घरात मनोविकाराचा इतिहास होता आणि अटकेनंतर त्याला वारंवार मानसोपचारासाठी नेल्याच्या नोंदी होत्या. त्याने पळून जाण्याचा किंवा काही लपवण्याचा प्रयत्न केला नव्हता. आजाराच्या आधीच्या आणि नंतरच्या कागदांवरून त्या क्षणीच्या मनाचा अंदाज बांधता आला.

चिखलीतल्या आपल्या काल्पनिक तरुणाकडे असे कागद नसतात. जिल्ह्यातील पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मनोरुग्णांना घेऊन लांबलांबहून कुटुंबे येतात, होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. कुटुंबाच्या श्रद्धेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण धागा बांधल्याची पावती मिळत नाही. आजार दोन वर्षे घरात असतो, साऱ्या गावाला दिसतो आणि न्यायालयाच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो. अशा वेळी आई, शेजारी, शाळेतले शिक्षक, पोलीस पाटील यांच्याकडून आजाराचा इतिहास नीट विचारून तारीखवार लिहून काढणारा प्रशिक्षित माणूस लागतो. तसा माणूस तालुक्याला सहसा नसतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे चिखलीहून २५ किलोमीटरवर बुलढाण्याला, जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. २०२४ मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. विदर्भातले प्रादेशिक मनोरुग्णालय मात्र नागपूरला, तीनशे किलोमीटरहून दूर आहे. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात लाख लोकांमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ नव्हता. न्यायालयीन कामाचा अनुभव असलेले त्यांच्यातलेही थोडेच.

दुसरीकडे न्यायालयांची अपेक्षा वाढते आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील फाशीच्या एका कैद्याला तुरुंगात गंभीर मानसिक आजार जडल्याचे पाहून सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून त्याला उर्वरित आयुष्यभराची कैद दिली. आजाराची गोपनीयता जपण्यासाठी निकालात त्याचा उल्लेख ‘आरोपी क्ष’ असाच ठेवला. २०२२ मध्ये एका निकालात, फाशी देण्याचा विचार करताना आरोपीच्या मानसिक मूल्यमापनाचा अहवाल मागवावा, असे सांगितले. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम १५ नुसार, घृणास्पद गुन्ह्याचा आरोप असलेल्या १६ ते १८ वर्षांच्या मुलाची मानसिक क्षमता तपासताना बाल न्याय मंडळ मानसशास्त्रज्ञांची मदत घेऊ शकते. ही सारी कामे माणसांनीच करायची आहेत.

पदवीत काय शिकवतात?

परदेशातील काही विद्यापीठांनी या गरजेसाठी अभ्यासक्रम आखले आहेत. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने न्यायवैद्यक मानसिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन उपलब्ध केली. मनोविकार आणि हिंसा यांचा संबंध, व्यसन आणि गुन्हा, खोटे आजार ओळखण्याच्या पद्धती, तुरुंगातील आत्महत्या टाळणे, अहवाललेखन, साक्ष देण्याची तयारी असे विषय या क्षेत्रात शिकावे लागतात.

उदाहरणार्थ, एखादा रुग्ण पुन्हा हिंसक होण्याची शक्यता कशी तपासायची? कॅनडात १९९५ मध्ये तयार झालेली ‘एचसीआर-२०’ ही पद्धत जगभर वापरली जाते. तिच्यात २० मुद्दे आहेत. दहा भूतकाळाचे, पाच सध्याच्या आजाराचे आणि पाच पुढच्या व्यवस्थेचे : राहायला घर आहे का, औषध कोण देणार, आधार कोणाचा. यातले शेवटचे पाच मुद्दे बदलता येतात, म्हणून धोका कमीही करता येतो. मनोरुग्ण म्हणजे धोकादायक, ही सरसकट समजूत चुकीची आहे. बहुसंख्य मनोरुग्ण कधीच कोणाला इजा करत नाहीत, उलट मारहाण आणि फसवणूक त्यांच्याच वाट्याला अधिक येते. हे आकडे आणि कारणांसह शिकणे घरबसल्या शक्य आहे.

पदवीत काय मिळत नाही?

सही करण्याचा अधिकार मिळत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कोणाला म्हणायचे, ते स्पष्ट लिहिले आहे. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पात्रता, किंवा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीनंतर प्रत्यक्ष देखरेखीखालील प्रशिक्षणाचा समावेश असलेला दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अभ्यासक्रम, अशी ती अट आहे. मनोविकारतज्ज्ञ होण्यासाठी एमबीबीएसनंतर मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षण लागते. केवळ ऑनलाइन पदवीवर यांपैकी काहीही होता येत नाही.

भारतातील नियमही कडक झाले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित अनेक विषयांचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. भ्रमाने घाबरलेल्या माणसासमोर बसून त्याच्या बोलण्याचा धागा कसा पकडायचा, सोंग घेणारा कुठे अडखळतो, स्वतःला धोका वाटला तर मुलाखत कशी थांबवायची, हे पडद्यावर पाहून अंगवळणी पडत नाही. वॉर्डात, वरिष्ठांच्या नजरेखाली, चुका करत ते शिकावे लागते. शिवाय परदेशी अभ्यासक्रमात तिथला कायदा शिकवतात. आपल्या न्यायालयात प्रश्न विचारला जातो तो आपल्या संहितेवरून.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न : आपण आज कोण आहोत? जो आधीच वैद्यकीय अधिकारी, वकील, पोलीस अधिकारी, परिचारिका, तुरुंगातील समुपदेशक किंवा समाजसेवक आहे, त्याला या ज्ञानाचा दुसऱ्या दिवसापासून उपयोग होतो. ज्याने नुकतेच बी.ए. मानसशास्त्र केले आहे आणि ज्याचे वडील शेतीवर कर्ज काढून फी भरणार आहेत, त्याने थांबावे. त्याची वाट आधी मान्यताप्राप्त प्रत्यक्ष शिक्षणातून जाते, विशेषीकरण त्यानंतर येते. दुसरा प्रश्न : पदवीला भारतात समकक्षता आहे का? जाहिरातीवर विसंबून न राहता लेखी उत्तर मागावे. तिसरा : प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे तास किती आणि ते कोणाच्या देखरेखीखाली?

नोकरी सांभाळून शिकू पाहणाऱ्या सरकारी डॉक्टरांना देशातही सोय आहे. बंगळूरच्या निम्हान्सने २०१८ पासून डिजिटल अकादमीमार्फत वैद्यकीय अधिकारी, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिकांसाठी मानसिक आरोग्याचे ऑनलाइन प्रशिक्षण चालवले आहे. त्यातून तज्ज्ञ तयार होत नाही. पण आपल्या दवाखान्यातला आजार वेळीच ओळखणारा डॉक्टर तयार होतो.

पाच ओळी

त्या रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरांना यातले थोडे शिकायला मिळाले असते, तर? आरोपी वेडा आहे की नाही, याचा निकाल त्यांनी द्यायचा नव्हताच. तो न्यायालयाचा अधिकार. त्यांनी फक्त पाहिलेले लिहायचे होते. तो एकटाच पुटपुटतो आहे का, कोपऱ्याकडे पाहून दचकतो का. किती दिवस झोपलेला नाही. नशा, फिट, डोक्याला मार यांच्या खुणा आहेत का. काय झाले असे विचारल्यावर तो काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत. आजाराबद्दल आई काय सांगते आणि कधीपासून. शेवटी वेळ, सही आणि मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवण्याची शिफारस.

एवढ्या नोंदीला दहा मिनिटे लागतात. तो तरुण खरोखर आजारी असेल तर याच ओळी त्याला वाचवतील. पेडगावला निघालेला असेल तर याच ओळी त्याला उघडा पाडतील. घरात कोणाचे वागणे बदलले असेल तर कुटुंबांनीही कागदाची वाट गुन्ह्यापर्यंत पाहू नये. दर्ग्याला जाऊन आल्यावर का होईना, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढावा, किंवा १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करावा. तिथे बोलायला पैसे पडत नाहीत. वेळेवर मिळालेली गोळी बहुतेकांना न्यायालयाची पायरी चढूच देत नाही.