इस्कियाचे बुडबुडे

ग्रीनलंडच्या सफरीवरचा ठरलेला भाग आणखी एक आठवडा पुढे ढकलतो. मालवणच्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय. स्टॅनफर्डच्या आभासी सफरीवरचा गेल्या वेळचा भाग त्यांनी नववीच्या वर्गात वाचून दाखवला, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘समुद्राचं आम्लीकरण होतंय, तर मासे जिवंत कसे?’

पोरानं नेमकं बोट ठेवलंय. समुद्राचं पाणी आजही अल्कधर्मीच आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी त्याचा सामू (pH) सरासरी ८.२च्या आसपास होता, आता तो ८.१च्या आसपास आलाय. पण सामूच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट फरक. त्यामुळे एवढ्याशा घसरणीतही हायड्रोजनचे आयन पाव हिश्शाहून जास्त वाढतात. हे जादा आयन पाण्यातल्या कार्बोनेटला धरून ठेवतात, आणि कालवं, शिंपले, प्रवाळ यांना कवच घडवायला तर कार्बोनेटच लागतं. मासा लगेच तडफडत नाही. कालवाच्या पिल्लाला मात्र घर बांधणं महाग पडत जातं.

हे फळ्यावर शिकवणं फार अवघड. याला रंग नाही, वास नाही, आणि शिक्षकाची अख्खी नोकरी संपली तरी नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही. म्हणूनच स्टॅनफर्डची ती आभासी सफर इटलीतल्या इस्कियाला जाते, आणि त्या निवडीबद्दल मला त्या मंडळींचं मनापासून कौतुक आहे.

नेपल्सजवळच्या या बेटावर अरागोनी किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्राच्या तळातून ज्वालामुखीचे वायू बुडबुड्यांनी वर येतात. त्यात जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड. गंधक नाही, आणि पाणीही तापत नाही. बाकी सगळं तसंच ठेवून निसर्गानं एकच गोष्ट बदलली आहे. बुडबुड्यांपासून लांब आजचा समुद्र, आणि जवळ जावं तसा येणाऱ्या काळातला. जेसन हॉल-स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ‘नेचर’मध्ये हेच मांडलं. बुडबुड्यांच्या दिशेनं सरकत गेलं की चुन्याची कवचं असलेले जीव विरळ होत जातात, काही शंख तर जिवंत गोगलगाईच्या पाठीवरच झिजलेले असतात. समुद्री गवत मात्र तिथे जोमानं वाढतं.

स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांच्या प्रयोगशाळेनं सागरी जीवशास्त्रज्ञ फियोरेन्झा मिकेली यांना सोबत घेऊन हा तळ हेडसेटमध्ये आणला. मुलं पाण्यात उतरतात, खडकावरच्या गोगलगाई शोधतात, मोजतात, मग बुडबुड्यांजवळ जाऊन पुन्हा मोजतात. पुस्तकातला आकडा विसरला जातो, स्वतः मोजलेला टिकतो, असं मी वर्षानुवर्षं पाहत आलोय.

या सफरीच्या आधीच्या एका रूपात मुलं स्वतःच प्रवाळ होत आणि आपली फांदी मोडताना पाहत. त्याचं नाव खूप झालं. मला स्वतःला गोगलगाई मोजणंच जास्त मोलाचं वाटतं. २०१८ साली या गटानं चार प्रयोगांचे निष्कर्ष छापले. त्यांत मुलांचं आणि मोठ्यांचं ज्ञान वाढलं, पर्यावरणाविषयीची वृत्ती मात्र फक्त काही प्रयोगांत बदलली. आणि एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: जे त्या आभासी जागेत जास्त फिरले, त्यांच्या ज्ञानात जास्त भर पडली. तेव्हा बाई, हेडसेट मिळाला तर मुलांना खुर्चीत बसवू नका. वर्गाच्या मधली जागा मोकळी करा, आणि मुलगा खडकामागे वाकून बघत असेल तर वेळ संपली म्हणून त्याला हाक मारू नका.

आणि हेडसेट येईपर्यंत थांबायचं कारण नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात खरे प्रवाळ आहेत. तिथे इस्कियासारखे बुडबुडे नाहीत, पण ओहोटीला उघडे पडणारे खडक तुमच्या किनाऱ्यावर आहेत. फूटभर लांबीरुंदीची लाकडी चौकट खडकावर ठेवायची आणि आतले शंख मोजायचे. दर महिन्याला, त्याच खडकावर. प्रश्न विचारणाऱ्या पोराच्या हाती वही द्या. पहिले आकडे आले की मला कळवा, ग्रीनलंडच्या आधी तेच छापू.