पुसट आकडे आणि दुरुस्तीचा हक्क

साब या स्वीडिश मोटार कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या जुन्या मोटारी मात्र त्यानंतरही धावत राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे एक जुने दुखणेही. गाडीतील तापमान दाखविणाऱ्या छोट्या पडद्यावरील रेषा एकेक करून नाहीशा होतात आणि अखेर आकडा सोळा की अठरा हे कळेनासे होते. वातानुकूलन यंत्रणा बहुधा शाबूत असते. बंद पडलेले असते ते फक्त तिचे बोलणे.

कारण क्षुल्लक आहे. काचेचा पडदा आणि सर्किट बोर्ड यांना जोडणारी प्लॅस्टिकची पातळ फीत डाख देऊन नव्हे, तर उष्णता आणि दाब देऊन चिकटविलेली असते. वर्षानुवर्षे तापणे व गारठणे चालले की ती पकड सुटते. फितीवरील वाहक रेषांना कथील धरत नाही, त्यामुळे नेहमीचा डाख येथे निरुपयोगी. चिकाटीच्या मालकांनी यावर उपाय शोधला. बॅटरी सोडवून पडद्याचे यंत्र बाहेर काढायचे, फितीच्या कडेवर सिलिकॉन रबराचा पातळ तुकडा ठेवायचा आणि मंद तापविलेले सोल्डरिंग आयर्न त्यावरून सावकाश दाबत न्यायचे. उष्णता थोडी अधिक झाली की फीत वितळते आणि उरलेल्या रेषाही जातात. काम संयमाचे आहे, पण विद्वत्तेचे नव्हे. सेवाकेंद्रात मात्र फितीची बात नसते. अख्खे यंत्रच बदलण्याचा सल्ला मिळतो.

घरगुती दुरुस्तीला मर्यादा आहेत, हे मान्यच केले पाहिजे. वातानुकूलनातील दाबाखालचा वायू किंवा एअरबॅग यांना हौशी माणसाने हात लावू नये. परंतु या धोक्यांकडे बोट दाखवून साध्या फितीचीही माहिती झाकून ठेवणे, हा सुरक्षिततेचा नव्हे, व्यापाराचा युक्तिवाद होय.

प्रश्न एका परदेशी मोटारीपुरता असता, तर त्याची येथे दखल घेण्याचे कारण नव्हते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो अस्सल सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली नाहीत म्हणून. प्रकरण पुढे वरच्या पायऱ्यांवर गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. मात्र संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये थेट कौल देऊन मोटारदुरुस्तीची माहिती मालकांस व स्वतंत्र कारागिरांस खुली करविली. आपल्याकडेही ही सक्ती कायद्यानेच व्हावी, आणि तीत यंत्राच्या पोटातील सुटा भाग वेगळा विकत मिळण्याची तरतूद असावी. गल्लीतल्या गॅरेजवाल्याला ती फीत मिळाली, तर बाकीचे काम तो करील.