मीठ आणि त्याचे सोबती

आपल्या भाषेत मिठाला मोठा मान आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण म्हणतो. आणि दुधात मिठाचा खडा पडला की सारे नासले, असेही म्हणतो. शरीरातही मिठाचे असेच दोन स्वभाव दिसतात. त्याच्यावाचून चालत नाही, आणि ते जास्त झाले की रक्तदाब चढतो. "मीठ कमी करा" हा सल्ला म्हणूनच सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तेवढ्याच मिठाने रक्तदाब किती चढेल, हे ताटात मिठाच्या जोडीला आणखी काय आहे यावरही अवलंबून असते. ही दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही.

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. या विषयाकडे वळले ती घरच्या गरजेपोटी. माझी आजी दवाखान्यातून "मीठ बंद" एवढे दोनच शब्द घेऊन घरी आली. अळणी भाजी तिच्या घशाखाली उतरेना; जेवण निम्म्यावर आले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. "तू शिकतेस ना, मग तूच सांग काय करायचे ते," असे आई म्हणाली. तेव्हा ग्रंथालयात बसून जे वाचले, ते येथे मांडत आहे.

मिठात सुमारे ४० टक्के सोडियम असते. शरीरात सोडियम साठले की त्याच्याबरोबर पाणीही थांबते, रक्तवाहिन्यांतील द्रव वाढतो आणि दाब चढतो. जादा सोडियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. ती दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातले बहुतेक सोडियम रक्तात परत घेतात. किती परत घ्यायचे आणि किती लघवीवाटे सोडायचे, येथे पोटॅशियमचा संबंध येतो. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांत सोडियम परत ओढून घेणारी जणू दारेच आहेत. आहारात पोटॅशियम कमी पडले की ही दारे जोराने काम करू लागतात आणि मीठ भरपूर खाल्लेले असतानाही सोडियम आतच राहते. पोटॅशियम पुरेसे मिळाले की त्यांचा जोर मंदावतो व सोडियम निघून जाते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा रक्तवाहिन्यांच्या आकुंचन-प्रसरणाशी संबंध आहे. पण त्यांच्याविषयीचा पुरावा पोटॅशियमइतका भक्कम नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेत १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात मिठाचे प्रमाण सर्वांना सारखेच ठेवून काहींना फळे, भाज्या, कडधान्ये व कमी स्निग्धांशाचे दूध-दही भरपूर दिले. मीठ तेवढेच असूनही त्यांचा रक्तदाब उतरला. पुढे २००१ साली याच मंडळींनी मिठाची मात्राही बदलून पाहिली. नेहमीच्या अमेरिकी आहारात मीठ जास्तीवरून कमीवर आणल्यावर वरचा दाब सरासरी ६.७ मि.मी. उतरला, खनिजयुक्त आहारात मात्र ३.० मि.मी.च. म्हणजे त्या आहाराने मिठाचा प्रभाव आधीच निम्म्याहून अधिक बोथट केला होता. सर्वांत कमी दाब अर्थातच चांगला आहार आणि कमी मीठ या दोन्ही गोष्टी पाळणाऱ्यांचा होता.

दुसरे उदाहरण चीनचे. उत्तर चीनच्या खेड्यांत, आपल्याप्रमाणेच, बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातून पोटात जाते. तेथील ६०० खेड्यांतील सुमारे २१,००० लोकांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली आले. निम्म्या खेड्यांना नेहमीच्या मिठाऐवजी तीन भाग साधे मीठ व एक भाग पोटॅशियम क्लोराइड असे मिश्रण दिले होते. त्या खेड्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. पोटॅशियमसाठी महागडी फळेच हवीत असे नाही. पालेभाज्या, मटकी, चवळी, तूर, रताळे, केळी यांत ते भरपूर असते. नाचणीत व ताकात कॅल्शियम आहे. मात्र भाजी उकडून पाणी ओतून दिले की पोटॅशियम त्या पाण्याबरोबर जाते. पुरणासाठी शिजवलेल्या डाळीचे पाणी फेकून न देता त्याची कटाची आमटी करणाऱ्या आपल्या बायकांनी ही गोष्ट न शिकताच साधली आहे! उलट मैद्याच्या बिस्किटांत मीठ असते, पण धान्याच्या कोंड्याबरोबर ही खनिजे बरीचशी निघून गेलेली असतात. आपल्या कॅन्टीनमधील मधल्या सुट्टीचा खाऊ बहुधा याच जातीचा.

तथापि एक इशारा फार महत्त्वाचा आहे. ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत किंवा ज्यांना रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे चालू आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून पोटॅशियमचे मीठ वा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही सुरू करू नयेत. शिवाय पालेभाजी खाल्ली म्हणून लोणच्या-पापडाला मोकळीक मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, मीठ सांगितले आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दाखवण्याचे काम आपल्याकडेच येते. तेव्हा "मीठ कमी" एवढेच ऐकून परतू नका. मूत्रपिंडांची तपासणी झाली आहे का, आणि मीठ कमी करताना ताटात काय वाढवायचे, हे दोन प्रश्न तेथेच विचारा. घरच्या वडीलधाऱ्यांना ते विचारायचा संकोच वाटतो. आपल्याला वाटायचे कारण नाही.