आजीच्या ट्रंकेतली खणाची चोळी

आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत काल जुनी चोळी सापडली. गर्द जांभळी, बाहीच्या कडेला लाल काठ, पुढे गाठ मारायची. आधी उलटून शिवण पाहिली. सगळी हातशिलाई! काखेत छोटासा चौकोनी जोड दिलाय, म्हणजे हात वर केला तरी कापड ओढत नाही. दळण-कांडण करणाऱ्या बाईच्या अंगाचा असा विचार करून बेतलेला कपडा मला कुठल्याही रॅम्पवरच्या पोशाखाइतकाच मोलाचा वाटतो.

खण म्हणजे मुळात एका चोळीपुरता तुकडा, ओटीत नारळासोबत दिला जाणारा. वापरायचा आपल्याकडे, पण विणकरांचं मोठं गाव कर्नाटकातलं, बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड. पन्हा अरुंद असतो, दोन्ही कडांना काठ आणि मधे बारीक बुट्ट्या. बुट्टी छापलेली नसते, विणतानाच उमटते. कापड उन्हात तिरकं धरा, रंग हलतो. कारण उभा ताणा एका रंगाचा, आडवा बाणा दुसऱ्या रंगाचा.

फॅशन डिझायनर वैशाली शडांगुळे यांनी हाच खण आपल्या डिझाइन्समध्ये आणला. २०२१ मध्ये त्या पॅरिसच्या ओत कुत्यूर फॅशन वीकमध्येही पोचल्या.

जुना खण मिळाला तर मशीनला लावू नका. गार पाण्यात रिठ्याने धुवा, सावलीत वाळवा. फाटला असेल तर काठ वाचवा आणि साध्या सुती ब्लाउजच्या बाहीला लावा. माझा पुढचा ब्लाउज तसाच शिवायला टाकलाय.