प्रीमियर पद्मिनी मोटारीची मालकी व देखभाल

प्रीमियर पद्मिनी ही मुंबईतील प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड या कंपनीने कुर्ला येथील कारखान्यात तयार केलेली चार दारांची प्रवासी मोटार होय. १९७४ पासून या नावाने विकल्या गेलेल्या मोटारीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि पुढे कंपनीचा मोटारनिर्मितीचा व्यवसायही बंद पडला. त्यामुळे आज चालू स्थितीत असलेल्या पद्मिनीला अधिकृत सेवाकेंद्र नाही आणि निर्मात्याकडून मिळणारे सुटे भागही नाहीत. तरीही महाराष्ट्रात व इतरत्र अनेक खाजगी मालकांनी ही मोटार जपली आहे. अशी मोटार बाळगताना येणाऱ्या अडचणी, त्यांची यांत्रिक कारणे आणि लागू असलेले कायदे यांची माहिती या लेखात दिली आहे.

पार्श्वभूमी

उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. आरंभी कंपनीने अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी केली. १९५० च्या दशकाच्या आरंभी इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य सुरू झाले. त्यातून आलेल्या फियाट ११०० या मोटारीच्या जुन्या, गोलसर आवृत्तीला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. ते आजही जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी आहे. १९६४ मध्ये ११०० डी ही सरळ रेषांची आवृत्ती भारतात बनू लागली. फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच मोटार १९७२ पासून ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली गेली. नाव दोनदा बदलले तरी मुंबईकरांच्या बोलण्यात ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. सुटे भाग विकणारा दुकानदारही ‘फियाटचा क्लच’ असेच म्हणतो, हे नव्या मालकाने ध्यानात ठेवावे.

इटलीत ११०० डीचे उत्पादन १९६६ मध्ये थांबले. भारतात मात्र तीच रचना, किरकोळ फेरफारांसह, आणखी तीन दशकांहून अधिक काळ चालू राहिली. परवाना पद्धतीच्या त्या काळात ग्राहकाला निवडीस फारसा वाव नव्हता. मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यानंतर पद्मिनीची रचना किती जुनी आहे हे सामान्य ग्राहकालाही दिसू लागले. तिच्या १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेच्या चार सिलिंडरी इंजिनाचे मूळ तर १९३७ च्या फियाट ५०८ सी या मोटारीपर्यंत जाते. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर ही मापे तेव्हापासून शेवटपर्यंत कायम राहिली.

रचनेचा हा जुनेपणा ग्राहकाच्या दृष्टीने उणीव होती, पण देखभालीच्या दृष्टीने ती मोठीच सोय ठरली. तीस वर्षांत फारसे न बदललेल्या मोटारीचा एका वर्षीचा भाग बहुधा दुसऱ्या वर्षीच्या गाडीला बसतो. शिवाय तिच्यात संगणकीय नियंत्रण नसल्याने साधी हत्यारे आणि जाणता कारागीर एवढ्यावर बहुतेक दुरुस्ती होऊ शकते.

टॅक्सी आणि सुट्या भागांची बाजारपेठ

पद्मिनीच्या खाजगी मालकाला कित्येक वर्षे सुट्या भागांची चिंता करावी लागली नाही. याचे श्रेय मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला जाते. पुढे बाकासारखे सलग आसन, सुकाणूच्या दांड्यावरच गिअर, टपावर सामानाचे कॅरिअर आणि कोणत्याही नाक्यावर होणारी स्वस्त दुरुस्ती यांमुळे टॅक्सीचालकांनी या मोटारीला पसंती दिली. हजारो टॅक्सी दिवसरात्र धावत असल्याने क्लच प्लेट, ब्रेकचे रबर, वॉटर पंप, गॅस्केट अशा झिजणाऱ्या वस्तूंना अखंड मागणी होती. मूळ कारखाना बंद पडला तरी लहान कारखानदारांना या वस्तू बनवत राहणे परवडत होते. कुर्ल्याचा सीएसटी रोड, मुंबईतील चोर बाजार, पुण्यातील जुना बाजार अशा ठिकाणी नवे व जुने दोन्ही प्रकारचे भाग मिळत.

टॅक्सीच्या वयोमर्यादेने हे चित्र पालटले. मुंबईत टॅक्सीसाठी २० वर्षांची मर्यादा लागू झाल्यावर पद्मिनी टॅक्सी झपाट्याने कमी झाल्या. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदलेली टॅक्सी ही मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी होती. तिची मुदत संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सीचे युग संपले. वृत्तपत्रांनी या घटनेकडे स्मरणरंजनाच्या दृष्टीने पाहिले. खाजगी मालकांच्या दृष्टीने तिचा अर्थ अधिक व्यावहारिक होता, कारण ज्या मागणीच्या आधारावर सुट्या भागांचा व्यापार उभा होता ती मागणीच नाहीशी झाली.

मोडीत निघालेल्या टॅक्सींमुळे काही काळ जुन्या भागांचा सुकाळ होता. पण दारे, काचा, दिव्यांच्या कडा, बंपर यांसारख्या वस्तू नव्याने कोणी बनवत नाही, आणि भंगारातील चांगला माल एकदाच मिळतो. म्हणून अनुभवी मालक काचा, दिव्यांची भिंगे व गिअरपेटीचे भाग मिळतील तेव्हा घेऊन ठेवतात. रबराच्या वस्तू मात्र साठवणीतही कडक होऊन तडकतात. त्यांचा साठा करण्यात अर्थ नसतो.

भागांपेक्षाही दुर्मीळ होत चालला आहे तो कारागीर. कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून मिश्रण जुळवणारे, पॉइंटची फट हाताच्या अंदाजाने ओळखणारे मिस्त्री आता उतारवयात आहेत. त्यांचे ज्ञान कोणत्याही माहितीपुस्तिकेत पूर्णपणे उतरलेले नाही. नव्या पिढीचा कारागीर निदानासाठी संगणक जोडण्याची जागा शोधतो आणि ती या मोटारीत नाही. त्यामुळे मालकाने स्वतः काही गोष्टी शिकून घेणे ही आता हौस राहिलेली नसून गरज झाली आहे.

इंजिन व शीतन

पद्मिनीच्या इंजिनाचा ठोकळा ओतीव लोखंडाचा, तर वरचे हेड अॅल्युमिनियमचे असते. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावते. इंजिन प्रमाणाबाहेर तापले की हेड वाकते, मधले गॅस्केट फाटते आणि पाणी तेलात उतरते. तेल भरण्याच्या झाकणाखाली पांढरट, लोण्यासारखा थर दिसणे ही त्याची खूण असू शकते. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत, विशेषतः पावसाळ्यात, साठलेल्या दमटपणामुळेही असा थर येतो. म्हणून रेडिएटरमधील पाण्याची पातळी घटते आहे काय हेही पाहावे लागते. वाकलेले हेड यंत्रशाळेत घासून सपाट करता येते. मात्र प्रत्येक घासणीत त्याची जाडी कमी होते, त्यामुळे हा उपाय अमर्याद वेळा करता येत नाही.

तापण्याचे सर्वांत सामान्य कारण साधे आहे. अनेक गाड्यांत वर्षानुवर्षे विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी भरले गेले. त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत व इंजिनाच्या पोकळीत जमतात आणि उष्णता बाहेर पडत नाही. रेडिएटर उघडून साफ करवून घेणे आणि त्यानंतर क्षारविरहित पाण्यात मिसळलेले कूलंटच वापरणे, हा उपाय खर्चाच्या मानाने फार गुणकारी आहे. गाडी गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी दाबाने उसळून हात व चेहरा भाजण्याचा धोका असतो.

इंधनाचा बदललेला स्वभाव

ही मोटार शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात घडली. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. पेट्रोलमधील शिसे व्हॉल्व्हच्या बैठकांची झीज कमी करीत असे. ते गेल्यावर जास्त वेगाने व जास्त भाराने चालवलेल्या जुन्या इंजिनांत बैठका खोल जाण्याची शक्यता वाढली. यासाठी ठरावीक काळाने टॅपेटची फट तपासणे पुरेसे असते. फट पुन्हा पुन्हा कमी होत असल्यास बैठक झिजत आहे असे समजून, इंजिन उघडेल तेव्हा कठीण पोलादाच्या बैठका बसवाव्यात.

त्याहून ताजा प्रश्न २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा आहे. इथेनॉलमुळे जुन्या पद्धतीचे रबर फुगते व मऊ पडते. पेट्रोलची नळी आणि यांत्रिक पंपातील पडदा यांना पहिला फटका बसतो. नळीतून गळणारे पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडले तर आग लागू शकते, म्हणून ही बाब टाळाटाळ करण्यासारखी नाही. इथेनॉल हवेतील आर्द्रताही शोषून घेते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पत्र्याच्या टाकीला आतून गंज चढतो आणि तो गंज कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत अडकतो. इथेनॉल सहन करणाऱ्या नव्या नळ्या, पंपाचा नवा पडदा व टाकीनंतर एक गाळणी बसवावी आणि आठवड्यातून एकदा गाडी इंजिन पुरेसे तापेपर्यंत चालवावी, असा सल्ला जाणकार देतात. केवळ जागेवर पाच मिनिटे इंजिन चालू ठेवल्याने लाभापेक्षा हानीच अधिक होते, कारण तेवढ्यात ते पुरते तापत नाही आणि ओल आतच राहते.

उन्हाळ्यात वाहतूक खोळंब्यात सापडलेली पद्मिनी कधी कधी अचानक बंद पडते व लगेच चालू होत नाही. पंपातील किंवा नळीतील पेट्रोलची उष्णतेने वाफ होणे हे त्याचे कारण असते. टॅक्सीचालक अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवीत. उपाय गावठी वाटला तरी भौतिकशास्त्राला धरून आहे.

ब्रेक आणि चाके

चारही चाकांना ड्रम ब्रेक असणारी ही मोटार आजच्या गाड्यांइतक्या अंतरात थांबत नाही. पाण्यातून गेल्यावर ड्रम ओले होऊन ब्रेक काही काळ दुबळे पडतात. जुन्या आवृत्त्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच द्रवमार्गावर चालतात. एका चाकाच्या सिलिंडरचे रबर फाटले तर सर्वच चाकांचे ब्रेक जातात. ब्रेकचा द्रव हवेतील ओल शोषतो, त्यामुळे तो साधारण दोन वर्षांनी बदलावा. चाकाच्या आतील बाजूस ओलसर डाग दिसल्यास गाडी बाहेर काढू नये. पुढच्या चाकांच्या किंगपिनला नियमित ग्रीस लागते. ते न मिळाल्यास सुकाणू जड व सैल होते. जुन्या आवृत्त्यांत सीटबेल्टही नसत. मुलाबाळांना घेऊन महामार्गावर जाण्यापूर्वी मालकाने या मर्यादा प्रामाणिकपणे लक्षात घेतल्या पाहिजेत.

पत्रा

पद्मिनीला स्वतंत्र सांगाडा नाही. तिचे शरीरच भार पेलते. त्यामुळे तळाचा पत्रा, दारांखालच्या पेट्या आणि मागच्या पाट्यांच्या जोडाजवळचा भाग गंजल्यास प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही. कोकण, मुंबई व गोव्याच्या खारट, दमट हवेत हा गंज आतून सुरू होतो आणि बाहेरचा रंग फुगेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. जुनी गाडी विकत घेताना चकाकत्या रंगाला भुलू नये. तळाचे मॅट उचलून, जॅक लावण्याच्या जागा ठोकून पाहाव्यात. इंजिन पुन्हा बांधता येते. कुजलेल्या शरीराचे पत्राकाम मात्र त्याहून महाग पडते व करणारा हातही सहज सापडत नाही. पुट्टी भरून झाकलेला गंज विकणाऱ्याला लाभ देतो, घेणाऱ्याला नाही.

नोंदणी व कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात याखेरीज पर्यावरण कर द्यावा लागतो. प्रदूषण प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते. कार्ब्युरेटर नीट जुळवलेला असल्यास या काळच्या मोटारींसाठी असलेली ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा पद्मिनी पाळू शकते.

२०२१ मध्ये केंद्र शासनाने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ असा वेगळा वर्ग केला. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. अशी मोटार नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच मुभा असते. १९७४ मधील पहिल्या पद्मिनी २०२४ मध्ये या वर्गास पात्र झाल्या. १९८० च्या दशकातील मोटारी २०३० च्या दशकात आणि शेवटच्या मोटारी २०५० च्या आसपास पात्र होतील. तोवर त्यांना सामान्य जुन्या मोटारीचेच नियम लागू राहतात.

या नियमातील एका अटीकडे मालकांचे दुर्लक्ष होते. व्हिंटेज नोंदणीसाठी मोटार मूळ स्वरूपात असावी लागते आणि तिच्या सांगाड्यात, शरीरात वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून आज दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवणारा मालक रोजच्या वापराची सोय करून घेतो. पण त्यासाठी परिवहन कार्यालयाची परवानगी व नोंदणीपुस्तिकेत बदल आवश्यक असतो, आणि पुढे हीच नोंद व्हिंटेज दर्जाच्या आड येऊ शकते. मूळ इंजिन काढावेच लागले तर ते भंगारात न देता क्रमांकासह जपून ठेवणे इष्ट ठरते.