स्वीपस्टेक्स कॅसिनो
स्वीपस्टेक्स कॅसिनो हा अमेरिकेतील ऑनलाइन खेळांचा एक वादग्रस्त प्रकार आहे. यात दोन आभासी नाणी वापरतात. 'गोल्ड कॉइन' विकत मिळते, पण ते केवळ करमणुकीपुरते असते. त्यासोबत 'भेट' म्हणून मिळणाऱ्या 'स्वीप्स कॉइन'वर जिंकलेली रक्कम मात्र रोखीत बदलून घेता येते.

अमेरिकेत जुगाराचे नियमन प्रामुख्याने राज्ये करतात. बहुतेक राज्यांत प्रतिफल (भाग घेण्यासाठी मोजलेली किंमत), दैव आणि बक्षीस हे तिन्ही घटक असतील तरच खेळ जुगार ठरतो. टपालाने विनंती केल्यास स्वीप्स कॉइन विनामूल्य मिळत असल्याने प्रतिफल उरतच नाही, असा कंपन्यांचा दावा असतो. शीतपेयाच्या विक्रीसाठी काढलेल्या सोडतीला हा युक्तिवाद शोभतो. येथे सोडत हाच मूळ धंदा असल्याने ती पळवाट मानली जाते.

मोंटाना, कनेक्टिकट व न्यू जर्सी या राज्यांनी २०२५ मध्ये मनाईचे कायदे केले. कॅलिफोर्नियातील बंदी १ जानेवारी २०२६ पासून लागू झाली. लुईझियानाच्या राज्यपालांनी मात्र असे विधेयक २०२५ मध्ये नकाराधिकार वापरून रोखले. राज्याच्या जुगार नियंत्रण मंडळाला कारवाईचे अधिकार आधीपासूनच असल्याने नव्या कायद्याची गरज नाही, असे कारण त्यांनी दिले.